तालापेट्रकाचं प्रकरण: एका मालागासी पाल्याचं मलम कसं झालं

आफ्रिकेत जखमेवर कोणकोणते पाले लावतात याची यादी करणं सोपं आहे. नायजेरियापासून युगांडापर्यंत कापल्यावर रक्त थांबवायला अ‍ॅस्पिलिया आफ्रिकानाची पानं चुरडून दाबून धरतात. दक्षिण आफ्रिकेत बल्बाइनच्या मांसल पानातला चिकट गर भाजल्या-खरचटल्यावर लावतात. पश्चिम आफ्रिकेत ज्या झुडपाचा रस ताज्या जखमेवर पिळतात, ते आपल्याकडे 'रानमोडी' म्हणून शिव्या खातं. घानात त्याला जनरल आचेआम्पोंग यांचं नाव चिकटलंय, नायजेरियात अवोलोवो यांचं. उपटावं तितकं पसरणाऱ्या तणाला राजकारण्याचं नाव द्यायला दोन्ही देशांतल्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

अशा याद्या ढिगाने मिळतात. प्रत्येक वनस्पतीपुढे 'जंतुनाशक', 'दाहशामक', 'जखम भरून काढणारी' हे तीन शब्द असतात आणि वाचून झाल्यावर हाती काही लागत नाही. म्हणून इथे एकच पाला घेतला आहे. घरगुती उपाय ते कुष्ठरोगावरचे प्रयोग, तिथून प्रयोगशाळा आणि शेवटी औषधाच्या दुकानातली मलमाची नळी, एवढा सगळा पल्ला त्याने गाठला. आफ्रिकेतल्या फार थोड्या पाल्यांच्या वाट्याला हे आलं, त्यामुळे कोणत्या टप्प्यावर नेमकं काय बदललं ते या एका प्रकरणात नीट दिसतं.

पाला आणि महारोग

मादागास्करमध्ये त्याला तालापेट्रका म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. जमिनीलगत सरपटणारी वेल, पेरापेराला फुटणारी मुळं, गोलसर आणि देठाशी खाच असलेली पानं. पाणथळ जागा, ओढ्याचे काठ, भाताचे बांध ही तिची घरं. ती एकट्या आफ्रिकेची नाही. आपल्या संहितांमधली मंडूकपर्णी हीच, कोकणातला कारिवणाही हाच, आणि बाजारात 'ब्राह्मी' म्हणून जी जुडी मिळते तीही बहुतेक वेळा हीच असते. आपण मात्र ती मुख्यतः बुद्धीसाठी आणि केसांच्या तेलासाठी राखून ठेवली. मालागासी लोकांनी ती कातडीसाठी वापरली. पानं ठेचून जखमांवर, चिघळलेल्या फोडांवर आणि महारोग्यांच्या व्रणांवर लावायची.

महारोगाचा धागा जुना आहे आणि तो हिंदी महासागराच्या दोन्ही काठांना जोडतो. १८५२ च्या सुमारास मॉरिशसमधल्या बॉइलो नावाच्या डॉक्टरने ही वनस्पती महारोगावर गुणकारी असल्याचं मांडलं. पाँडिचेरीच्या लेपिन या औषधनिर्मात्याने तिचं रासायनिक विश्लेषण केलं. १८५५ मध्ये मद्रासच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. हंटर यांनी ती रुग्णांना देऊन पाहिली आणि निष्कर्ष काढला तो असा: महारोगावरचं रामबाण औषध म्हणून हिचा दावा टिकत नाही, पण रुग्णाची लक्षणं सौम्य होतात, प्रकृती सुधारते. हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण जवळपास शंभर वर्षांनी मादागास्करमध्ये पुन्हा त्याच मुक्कामी पोचायचं होतं.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला बोंतेम्स या संशोधकाने तालापेट्रकातून एक पदार्थ वेगळा काढला: एशियाटिकोसाइड. त्या वेळी मादागास्कर ही फ्रेंच वसाहत होती. अंटानानारिव्होच्या त्सिंबाझाझा वनस्पतिउद्यानाशी जोडलेले पिएर ब्वातो यांनी हा पदार्थ महारोगावर वापरायचं मनावर घेतलं. महारोगाच्या जंतूभोवती मेणासारखं कवच असतं, ते या पदार्थामुळे विरघळतं आणि जंतू उघडा पडतो, अशी त्यांची मांडणी होती. १९४९ मध्ये ब्वातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं टिपण 'नेचर'मध्ये छापून आलं, विषय सेंटेलापासून काढलेले महारोगविरोधी पदार्थ. त्यांच्यासोबत या कामात होते आल्बेर राकोतो रात्सिमामांगा, १९०७ साली जन्मलेले मालागासी डॉक्टर, पॅरिसमध्ये शिकलेले आणि तिथेच संशोधनात नाव कमावलेले.

महारोगाच्या बाजूने पाहिलं तर ही गाडी स्टेशनात शिरायच्या आधीच चुकली होती. १९४१ पासून अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात सल्फोन गटाच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले होते, आणि पुढच्या काही वर्षांत स्वस्त, तोंडाने घ्यायचं डॅप्सोन जगभर पोचलं. जंतू मारायला डॅप्सोन असताना पाल्याच्या अर्काकडे कोण पाहणार? पण रुग्णांचे न भरणारे व्रण भरत होते, ते या लोकांच्या नजरेतून सुटलं नाही. १९५६ मध्ये ब्वातो आणि रात्सिमामांगा यांनी एशियाटिकोसाइडवर जो लेख लिहिला, त्यात महारोग होताच, पण पुढे आली होती ती जखम: प्रयोगात केलेल्या जखमा आणि औषधाला दाद न देणाऱ्या जखमा. आजाराचं औषध शोधता शोधता आजाराच्या एका परिणामाचं औषध हाती लागलं. मला विचाराल तर या संपूर्ण प्रकरणात शहाणपणाची गोष्ट हीच, की हातातला दावा टिकत नाही असं दिसल्यावर त्यांनी तो ताणला नाही. जे दिसत होतं तिकडे वळले.

नळीत नेमकं काय आहे

पुढे लारोश-नावारों या फ्रेंच कंपनीने त्याचं 'मादेकासोल' केलं. एक टक्क्याचं मलम, भुकटी आणि गोळ्या. त्यातला अर्क 'प्रमाणित' असतो, म्हणजे पाला कुठूनही आला तरी अर्कात एशियाटिकोसाइड सुमारे ४० टक्के आणि उरलेल्यात एशियाटिक व मादेकासिक ही दोन आम्लं साधारण निम्मी-निम्मी, हे गणित पाळलं जातं.

आता एक ढोबळ हिशोब करून पाहू, कारण 'पाल्यात औषध नाममात्र असतं, खरं औषध कारखान्यात होतं' असं सरसकट म्हटलं जातं. एक ग्रॅम मलमात दहा मिलिग्रॅम अर्क, म्हणजे एशियाटिकोसाइड चार मिलिग्रॅम. मादागास्करच्या वेगवेगळ्या भागांतल्या तालापेट्रकाची तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. वाळलेल्या पाल्यात एशियाटिकोसाइडचं प्रमाण २.६ टक्क्यांपासून ६.४२ टक्क्यांपर्यंत आढळलं, आणि सर्वांत जास्त होतं पूर्वेकडच्या मांगोरो भागात. ताज्या पाल्यात ८५ टक्के पाणी धरलं, तर एक ग्रॅम ताज्या पानात साधारण चार ते साडेनऊ मिलिग्रॅम होतात. कागदावर पाला मलमाच्या मागे नाही, उलट मांगोरोचा पाला दुपटीने पुढे आहे!

मग कारखान्याने काय केलं? एक तर हा चार ते साडेनऊचा झोल संपवला. एकाच बेटावर, एकाच जातीच्या पाल्यात अडीच पटींचा फरक. ऋतू, जमीन, पानाचं वय हे वेगळंच. दुसरं, पेशीत अडकलेलं द्रव्य बाहेर काढून मलमात मिसळलं. ठेचलेल्या पानातून त्यातलं किती जखमेपर्यंत पोचेल हे ठेचणाऱ्याच्या हातावर अवलंबून. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते: चिखल काढून टाकला. ही वेल जिथे वाढते तिथे गुरं चरतात, शेण पडतं, पाणी साचतं. तालापेट्रकाच्या गुणांवर लिहिणारे या चिखलाबद्दल सहसा चकार शब्द काढत नाहीत.

भरते ती कशी, आणि पुरावा किती

जखम भरताना कातडीखालच्या तंतुपेशी कोलॅजेन विणतात, आणि त्यावरून कडेच्या पेशी सरकत येऊन वरचा थर पूर्ण होतो. तालापेट्रकातले पदार्थ या तंतुपेशींना कोलॅजेन बनवायला उत्तेजन देतात, हे प्रयोगशाळेत फ्रान्समधल्या गटांनी १९९० च्या दशकात दाखवलं. आपल्याकडे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतलं १९९९ चं कामही नेहमी उद्धृत होतं. गिनिपिगच्या जखमांवर एशियाटिकोसाइडचं ०.२ टक्क्याचं द्रावण लावल्यावर कोलॅजेनचा अंदाज देणारं हायड्रॉक्सीप्रोलिन ५६ टक्क्यांनी जास्त आढळलं आणि भरलेल्या जखमेची ताण सोसण्याची ताकद ५७ टक्क्यांनी वाढली. हे आकडे भक्कम आहेत. पण ते गिनिपिगचे आहेत, आणि तिथे शुद्ध एशियाटिकोसाइड होतं, ठेचलेला पाला नव्हता.

माणसांवरचे अभ्यास आहेत, पण लहान आहेत. २०१७ मध्ये इराणमधल्या ७५ भाजलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेंटेलाच्या तीन टक्के मलमाने जखमेवर नवी त्वचा यायला साधारण १४ दिवस लागले, सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावर नेहमी लावल्या जाणाऱ्या मलमाने २१. वाचताना प्रभाव पडतो. मात्र सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजलेली जखम भरायला उशीर लावतं, असं इतर अभ्यासांतून वारंवार पुढे आलेलं आहे. प्रतिस्पर्धी मुळातच सावकाश चालणारा असेल तर आपण जिंकलो म्हणजे किती धावलो, हा प्रश्न उरतोच.

दुसरा घोळ कोरियातला. तिथे डोंगकुक कंपनी १९७० पासून मादेकासोल विकते आणि गुडघे फुटलेल्या पोरांच्या कित्येक पिढ्यांनी ते लावलेलं आहे. पण त्यातल्या 'केअर' नावाच्या मलमात तालापेट्रकाच्या अर्काबरोबर निओमायसिन हे प्रतिजैविक असतं, आणि 'कॉम्प्लेक्स'मध्ये त्याशिवाय हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइडही. खरचटलेलं बरं झालं तर श्रेय कोणाचं? पाकिटावर पान असल्यामुळे ते पानाला जातं. अंगावर लाल चट्टे उठले तर दोष कोणाचा, हेही तितकंच अवघड, कारण निओमायसिनची अ‍ॅलर्जी सर्रास आढळते आणि सेंटेलाचीही, कमी प्रमाणात का होईना, नोंदलेली आहे. कोरियन सौंदर्यप्रसाधनांच्या लाटेबरोबर 'सिका' नावाने हाच पाला आता पुण्या-मुंबईतल्या मुलींच्या टेबलावर आला आहे. ती प्रसाधनं आहेत. जखमेच्या औषधाची कसोटी त्यांना लावलेली नसते.

संस्था, पैसा आणि एक बाटली

रात्सिमामांगा यांनी १९५७ मध्ये अंटानानारिव्होला मालागासी उपयोजित संशोधन संस्था काढली. तिचं फ्रेंच नाव लांबलचक आहे, सगळे 'इम्रा' म्हणतात. मादेकासोलच्या हक्कांतून आलेला पैसा तिच्या उभारणीत गेला. स्थानिक ज्ञानातून परदेशी कंपनी औषध करते आणि मूळ लोकांच्या हाती काही लागत नाही, हीच कथा जगभर ऐकू येते. इथे निदान एक प्रयोगशाळा तरी उभी राहिली. मादागास्कर १९६० मध्ये स्वतंत्र झाल्यावर रात्सिमामांगा फ्रान्समध्ये देशाचे पहिले राजदूत झाले, पण संस्था चालवायचं सोडलं नाही. २००१ मध्ये ते गेले. इम्राने पुढे मधुमेहावर जे औषध काढलं ते आपल्याला परकं वाटू नये: जांभळाच्या बियांचा अर्क.

अर्थात संस्थेपर्यंत पैसा आला म्हणजे बांधावरून पाला खुडणाऱ्या बाईपर्यंत आला असं होत नाही. तालापेट्रका मुख्यतः रानातूनच गोळा होतं. खुडणारी, वाळवणारी, गोळा करणारा, निर्यातदार, मग युरोपातला अर्क काढणारा, अशी साखळी आहे आणि भाव वरून खाली ठरतो. अर्क काढणारी कंपनी दरम्यान कितीदा हात बदलत गेली. 'सेर्देक्स' हा तो विभाग २०१४ मध्ये बायर या जर्मन कंपनीकडून सेपिक या फ्रेंच कंपनीकडे गेला. खुडणाऱ्यांच्या दृष्टीने यात फारसा फरक पडला असेल असं मला वाटत नाही.

आणि मग २०२० चा एप्रिल. मादागास्करचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्री राजोएलिना यांनी टीव्हीसमोर एक बाटली तोंडाला लावली. आर्टेमिसिया आणि काही मालागासी वनस्पतींचा काढा, कोविडवरचा उपाय म्हणून. बनवला होता इम्रानेच. मादागास्करच्याच वैद्यक अकादमीने पुराव्याबद्दल शंका घेतली, जागतिक आरोग्य संघटनेने आधी चाचण्या करा म्हटलं, तरी काढा शाळांमध्ये वाटला गेला आणि इतर आफ्रिकी देशांना भेट म्हणून पाठवला गेला. जुलैपर्यंत अंटानानारिव्होची रुग्णालयं भरून वाहत होती.

ज्या संस्थेचा पाया एका पाल्याच्या पंधरा वर्षांच्या कामावर उभा होता, तिने दुसरा पाला काही आठवड्यांत बाटलीत भरला. इथे काही जण म्हणतील की पाश्चात्त्यांनी आफ्रिकी औषधाला दुय्यम ठरवलं. तसा पूर्वग्रह आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण मादेकासोलला हाच पूर्वग्रह आडवा आला नव्हता का? तेही वसाहतीच्या काळात! तिथे दाखवायला काहीतरी होतं, म्हणून ते टिकलं.

किरकोळ जखमेचा प्रश्न

या सगळ्यात एक अडचण मात्र सुटत नाही, आणि ती पाल्याची नाही. किरकोळ जखम आपोआप बरी होते. खरचटलेलं ढोपर, विळीने कापलेलं बोट, काट्याने ओरखडलेली पोटरी: काहीही लावा किंवा लावू नका, आठवडा-दहा दिवसांत कातडी येते. त्यामुळे जे लावलं ते 'गुणकारी' ठरतं. हळद, कात, रानमोडी, तालापेट्रका, टूथपेस्ट, सगळ्यांना अनुभवाचा दाखला मिळतो. अमेरिकेत त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर ९०० हून अधिक रुग्णांवर १९९६ मध्ये एक तुलना झाली होती: निम्म्यांना प्रतिजैविक मलम, निम्म्यांना साधी पेट्रोलियम जेली. जंतुसंसर्गात उल्लेखनीय फरक पडला नाही. स्वच्छ केलेली जखम ओलसर आणि झाकलेली ठेवली की बहुतेक काम शरीर करतं. म्हणून तालापेट्रकाची खरी परीक्षा खरचटण्यावर होऊच शकत नाही. ती व्हायची तर न भरणाऱ्या व्रणांवर, जिथून हे प्रकरण सुरू झालं. आणि नेमक्या तिथेच पाला एकटा वापरणं धोक्याचं.

'पारंपरिक म्हणजे निरुपद्रवी' हेही सर्वांना सारखं लागू होत नाही. मादागास्करमध्ये आणि पश्चिम आफ्रिकेतही जखमेवर लावलं जाणारं अ‍ॅजेराटम, आपल्या शेताच्या कडेला वाढणारी ओसाडी, यकृताला घातक अशी अल्कलॉइडं बाळगून असते. त्यामानाने तालापेट्रकाचा स्वभाव सौम्य.

कोकणात पावसाळ्यात बांधावर काम करताना कापलं आणि शेजारीच कारिवणा दिसला, तर लावावा का? मी आधी साबण आणि भरपूर वाहतं पाणी म्हणेन, माती निघेपर्यंत. मग स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवायचं, त्यावर पट्टी. पाला लावायची हौस असेल तर तो पिण्याच्या पाण्याने धुवून, आणि वरवरच्या ओरखड्यावरच. माती आणि शेण दोन्हींत धनुर्वाताचे बीजाणू असतात, त्यामुळे खोल टोचलेल्या जखमेत पानाचा लगदा भरणं म्हणजे त्यांना आत नेऊन ठेवणं. इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी घ्यावं. कुत्रा चावला असेल तर पाला, हळद, तिखट काहीच नको. पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि लसीसाठी सरळ दवाखाना गाठायचा. मधुमेह असलेल्याच्या पायावरची जखम, मग ती दिसायला कितीही लहान असो, किरकोळ धरायची नाही. ती डॉक्टरांना दाखवायची.